वर बंद आहे

चहात साखर कमी घाल हं अश्लेषा. आणि तन्मय, तू तो मोबाइल उलटा ठेव. भुताची गोष्ट सांगा पद्मनाभकाका, असं तुम्हीच माझ्या मागे लागलात. आता मध्येच 'काका, हे सायंटिफिकली कसं शक्य आहे' म्हणून विचारायचं नाही. तुम्ही पीएचडीवाले फार पिडता. मी जन्मभर पूल बांधले. सिमेंट आणि सळई यांच्यापलीकडे माझा कशावर विश्वास नाही. पण ही गोष्ट आमच्या धैर्यशीलची आहे, आणि धैर्यशील थापा मारणारा माणूस नाही. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे कधीच नव्हती.

दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर. सतरा तारीख, शुक्रवार. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला धैर्यशील पासिर रिसच्या घरून जवळच्या टॅम्पिनीसच्या मॉलला निघाला, आईसाठी स्पंजच्या काड्या आणायला. काडीच्या टोकाला गुलाबी स्पंज असतो. तो पाण्यात बुडवून आजारी माणसाचे ओठ ओले करतात. घरातल्या संपल्या होत्या. मॉलमध्ये ख्रिसमसची रोषणाई लागली होती, माणसांची नुसती झुंबड. औषधाच्या दुकानात त्याने आधी मोठं पाकीट उचललं. मग ते हातात धरून तो उभाच राहिला. मग ते परत ठेवलं आणि छोटं घेतलं. छोटं पुरेल असं आपल्या मनात आलं, हे त्याला फार लागलं.

त्याच्या आईला, मधुमतीबाईंना, मी चांगला ओळखत होतो. कराडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. कडक बाई. मुलाकडे पाहुण्या म्हणून आलेल्या असताना आमच्या इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात आल्या की मोठमोठे मॅनेजर मागच्या रांगेत सरकून बसायचे. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावा खांदा पडला, म्हणून मुलाने त्यांना इकडे परदेशात कायमचं आणलं. आणि इथे आल्यावर पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी हॉस्पिटलने हात टेकले आणि घरी पाठवलं. हॉस्पिसची, म्हणजे शेवटचे दिवस सांभाळणाऱ्या संस्थेची, डॉक्टर घरी येऊन जायची. मंगळवारी सकाळी तिने धैर्यशीलला बाजूला घेऊन सांगितलं, आजची रात्र, फार तर उद्याची. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

मंगळवारची रात्र गेली. बुधवारची गेली. गुरुवारची गेली. शरीरात काही उरलं नव्हतं, पोटात चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता, आणि जीव जात नव्हता. कण्हणं थांबत नव्हतं. औषधाचा पंप वाढवून वाढवून टोकाला नेला होता. अशा वेळी मुलाला काय वाटतं ते तुम्हाला अजून कळायचं नाही, आणि कळूही नये. आईने जगावं असं त्याला आता वाटत नव्हतं. ती सुटावी, आज, आत्ता, एवढंच तो मागत होता, आणि ते मागितल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होता.

आता त्याच्या कामाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय. धैर्यशील तांजोंग पगारमधल्या एका फर्ममध्ये आर्किटेक्ट. जुन्या इमारतींची कॉम्प्युटरवर मॉडेलं करतो. इथल्या एका श्रीमंत कुटुंबाने फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनी म्हणतात त्या भागात, खेड्यातलं एक जुनं शेतघर विकत घेतलं होतं. सुट्टीला जाऊन राहण्यासाठी ते दुरुस्त करायचं होतं. तिकडच्या एका बाईने, मिरेय तिचं नाव, लेझरच्या यंत्राने घराचं इंचन्‌इंच मोजलं आणि सगळं इकडे पाठवलं. त्यावरून धैर्यशीलने मॉडेल करायचं, नकाशे काढायचे, आणि त्या नकाशांवर तिकडचे गवंडी आणि छपरावरचे कामगार काम करणार. आई घरी असल्यामुळे तो हे घरूनच करत होता, आईच्या पलंगाशेजारी टेबल टाकून.

आणि आईला त्या घराचं वेड लागलं. फ्रान्सच्या नद्या तिने जन्मभर फळ्यावर काढल्या होत्या, पाहिली एकही नव्हती. रोज संध्याकाळी ती विचारायची, "धैर्या, आज कुठल्या खोलीत होतास?" मग तो सांगायचा. लांबच लांब, एकाच रांगेतलं घर. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, आणि दोघांना मिळून एकच दार. मुलाचं लग्न झालं की घर पुढे एक खोली वाढवायचे. भिंतीत दगडांचा सांधा दिसतो, त्यावरून किती पिढ्या झाल्या ते मोजता येतं. भिंती हातभर जाड, दगड आणि चिकणमातीच्या. चूल एवढी मोठी की माणूस आत बसावा. चुलीशेजारी भिंतीत कोनाडा, मीठ कोरडं राहावं म्हणून. वर गवत साठवायचा माळा, त्याच्यावर दगडी पाट्यांचं छप्पर. आणि झोपायला पलंग नाही, लाकडी खोकं, सरकती दारं असलेलं. आत शिरायचं आणि दार ओढून घ्यायचं. त्यात माणसं उशांना टेकून, अर्धी बसून झोपायची.

"आडवी का नाही झोपायची?" आईने विचारलं.

"आडवं फक्त मेल्यावर करतात म्हणे."

आई हसली. "मग मला पण टेकवून बसव."

तेव्हापासून ती तशीच झोपायची. डोळे मिटून त्या घरातून हिंडायची. कस्तुरीला, सुनेला, एकदा म्हणाली, "त्या माळ्याची शिडी फार उभी आहे गं. डाव्या हाताने धरवत नाही." कस्तुरीला वाटलं, औषधाचा अंमल.

बरं, चूक कुठे झाली ते ऐका. लेझरचा किरण जिथे पोचत नाही तिथे मॉडेलमध्ये भोक राहतं. अशी शेकडो भोकं असतात. ती एकेक तपासायची असतात, खरं आहे. पण कोण तपासतं? सगळी निवडायची, एक कमांड द्यायची, सगळी बुजतात. सगळे आर्किटेक्ट हेच करतात. सोमवारी आईची तब्येत बिघडली होती आणि छपराचा नकाशा तिकडे आजच हवा होता. धैर्यशीलने कमांड दिली आणि नकाशा पाठवून दिला.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "आज कुठे होतास?"

"छपरावर. भोकं बुजवली."

"सगळी?"

"सगळी."

आईने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. त्यानंतर तिने घराबद्दल एक शब्द काढला नाही.

तर, शुक्रवार. स्पंज घेऊन धैर्यशील घरी आला तेव्हा कस्तुरी दारातच उभी होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"आई बोलल्या," ती म्हणाली.

"काय?"

"वर बंद आहे. एवढंच. दहा वेळा तेच."

चार दिवस ज्या बाईच्या तोंडून कण्हण्याशिवाय काही निघालं नव्हतं, ती छताकडे बघत होती. उजवा हात उचलून वर दाखवत होती. "वर बंद आहे." कस्तुरीने सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, दार उघडलं होतं, कपाटं, ड्रॉवर, देव्हाऱ्याची काचसुद्धा. धैर्यशीलने पंखा बंद केला, अंगावरची चादर काढली. आई मान हलवत राहिली. श्वास अर्ध्यावर यायचा आणि अडायचा. छाती वर उचलली जायची आणि तशीच राहायची. किती वेळ… मग धाडकन खाली. पुन्हा.

"मी नाही बघू शकत," कस्तुरी म्हणाली. "धैर्य, काहीतरी कर. कोणाला तरी बोलव."

कोणाला बोलवणार? डॉक्टर येऊन पंप तपासून गेली. तिने खांद्यावर हात ठेवला आणि गेली. बाहेर पाऊस लागला होता. अकरा वाजता त्याने कस्तुरीला बळेच दुसऱ्या खोलीत झोपायला पाठवलं आणि तो आईजवळ बसला. स्पंजने ओठ ओले केले, कपाळ पुसलं. दुसरं काही करायला नव्हतं. आणि माणूस असहाय झाला की हात नेहमीच्या कामाकडे जातो. त्याने लॅपटॉप उघडला.

लेझरचं घर ठिपक्यांचं असतं. कोट्यवधी ठिपके. काळ्या पडद्यावर पांढरं, धुरकट घर. तो उगाच आतून फिरला. दार, गोठा, चूल. मग झोपायचं ते लाकडी खोकं.

खोक्यात ठिपक्यांचा एक पुंजका होता.

मोजताना कोणी मध्ये आलं, मांजर गेलं, तर असे पुंजके उमटतात. त्याने ते सगळे पहिल्या आठवड्यातच पुसले होते. हा राहिला असेल. त्याने तो निवडला, पुसला. पुढे गेला. पुन्हा सवयीने मागे वळून पाहिलं.

पुंजका खोक्याबाहेर होता.

त्याने पुसला. फाइल बंद केली. पुन्हा उघडली. आता खोक्यात काही नव्हतं. चुलीपाशी नव्हतं. त्याला हायसं वाटलं. मग तो माळ्यावर गेला…

शिडीच्या वरच्या पायरीवर. उभा. छपराला डोकं टेकलेलं. एक हात वर, छपरावर सपाट ठेवलेला. नाक नव्हतं, डोळे नव्हते, नुसते ठिपके. पण डावा खांदा…

डावा खांदा पडलेला होता.

त्याने हळूच मान वळवली. पलंगावर आईचा उजवा हात वर होता. पंजा सपाट. हवेत काहीतरी रेटत होता.

त्याने मिरेयला फोन लावला. कामाची वेळ आहे का, काय सांगणार आहोत, काही विचार केला नाही. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते.

"छपराला, माळ्याच्या शिडीवर, काही होतं का?" त्याने विचारलं. "मी नकाशात ते बंद केलं."

मिरेय म्हणाली, "हो. एक पाटी काढलेली होती. मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"कोणी काढली?"

"घरच्यांनीच. पूर्वी इकडे खिडक्यांवर आणि दारांवर सरकारचा कर होता. गरिबांनी एकच दार ठेवलं, उत्तरेला तर भोकही नाही. मग घरात कोणी मरायला टेकलं आणि जीव जाईना, की माळ्यावर चढून छपराची एक पाटी काढायचे. जायला वाट हवी ना." ती थोडी हसली, ओशाळं. "म्हाताऱ्या माणसांच्या समजुती. त्या घरातली शेवटची बाई गेली तेव्हा काढलेली ती पाटी. मग तिथे कोणी राहिलंच नाही, परत बसवणार कोण?"

"आणि आता?"

"आता बंद आहे. तुझा नकाशा आला, मंगळवारी दुपारी कामगारांनी नवीन पाटी बसवली."

मंगळवारी. धैर्यशीलने मनात दिवस मोजले. तो शिकलेला माणूस, हो. पण पलंगावर त्याची आई होती आणि तिची छाती वर उचललेली होती, आणि ती खाली येत नव्हती. तो रडायला लागला. ज्या बाईला तो कधी भेटला नव्हता तिच्यापुढे ढसाढसा रडला. आई, मंगळवार, खांदा, सगळं सांगून टाकलं. "तुम्ही मला वेडा म्हणा. नोकरीवरून काढायला लावा. पण ती पाटी काढा. आज काढा. मी तुमच्या पाया पडतो."

मिरेयने वेडा म्हटलं नाही. म्हणाली, "मी दहा मिनिटांवर राहते. फोन चालू ठेव."

गाडीचा आवाज. तिकडेही पाऊस. मग किल्ल्या, जड दार. टॉर्चचा उजेड. फोनच्या पडद्यावर धैर्यशीलला ते घर दिसलं, ठिपक्यांचं नाही, खरं. दगड, चूल, ओली जमीन. उजेड त्या लाकडी खोक्यावरून गेला.

"मी हे दार बंद केलं होतं," मिरेय पुटपुटली.

खोक्याचं दार सरकवलेलं होतं.

ती शिडी चढली. कामगारांनी हातोडी तिथेच ठेवली होती. ती थांबली.

"तुझ्या घरात कोणी बोलतंय का?"

"नाही."

"बायको? टीव्ही?"

"नाही. कोणी नाही."

"मग इथे…"

पडद्यावर टॉर्चचा उजेड माळ्याच्या टोकाकडे वळला. आणि मग धैर्यशीलला फोनमधून ऐकू आलं. दूरवरून. माळ्याच्या अंधारातून.

"वर बंद आहे, धैर्या."

त्याने आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"मारा," तो म्हणाला. "मारा. मारा."

हातोडीचा एक घाव. पाटी फुटली नाही. दुसरा… तिसऱ्याला फुटली. तुकडे खाली पडल्याचा आवाज. माळ्यावर एकदम वारा. मिरेयचा टॉर्च विझला.

इकडे आईची छाती खाली आली. श्वास बाहेर पडला. लांब… सावकाश… सावकाश…

परत आत गेला नाही.

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आईच्या चेहऱ्यावरची आठी गेली होती. धैर्यशीलने तिचा हात खाली घेतला, छातीवर ठेवला, कस्तुरीला हाक मारली. दोघं तिच्या पायाशी बसून रडली. पण त्या रडण्यात सुटकाच जास्त होती, असं तो मला म्हणाला. मिरेयने फोन ठेवला, तो कायमचाच. पुन्हा तिने त्या घराचं काम केलं नाही.

रविवारी मंडाईच्या स्मशानात दहन झालं. आम्ही सगळे होतो. धैर्यशील शांत होता.

मंगळवारी वरच्या, दहाव्या मजल्यावरच्या मलय आजी त्याच्या दाराशी आल्या. "बॉय, युअर सीलिंग ओके आह?" त्यांनी इथल्या इंग्रजीत विचारलं. त्यांच्या बेडरूममधली एक फरशी उखडली होती. आता आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फरशा उखडतात, मला माहीत आहे, तन्मय, तोंड उघडू नकोस. पण त्या फुगून, तडकून, चार-पाच मिळून उखडतात. ही एकच होती. अख्खी. निघून शेजारी नीट ठेवलेली. आईच्या पलंगाच्या बरोबर वर. टाइलवाला म्हणाला, गंमत बघा, अकराव्या मजल्यावर एक, बाराव्यावर एक, तीच जागा, आणि सगळ्यांची शुक्रवारी रात्री.

धैर्यशीलला काय झालं असेल. त्या आजींच्या बेडरूममध्ये तो गुडघ्यावर बसला आणि त्या फरशीवर डोकं ठेवून हसला आणि रडला. आई गेली. वाट मिळाली तिला. वर वर वर, सगळ्यांनी वाट दिली. शेवटच्या, तेराव्या मजल्यानंतर नुसतं आभाळ. त्याला फक्त ती शेवटची फरशी डोळ्यांनी बघायची होती. तो जिन्याने धावत वर गेला.

तेराव्या मजल्यावर एक तरुण चिनी जोडपं भाड्याने राहतं. त्यातल्या मुलाने दार उघडलं.

"टाइल? नो लाह, आमच्याकडे टाइल नाही. व्हिनाइल आहे."

लाकडासारखं दिसणारं, एकसंध, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं. घरमालकाने दिवाळीच्या आधीच बसवून दिलेलं.

"बेडरूममध्ये जरा फुगलंय," मुलगा म्हणाला. "शुक्रवारपासून. गोंद नीट लागला नसेल."

धैर्यशील आत गेला. खिडकीपाशी, जमिनीवर, तळहाताएवढा फुगवटा. तो खाली बसला. त्याने त्यावर हात ठेवला.

फुगवटा दबला.

मग खालून वर आला. त्याच्या तळव्याला भिडला. आणि तसाच राहिला.

"आई…"

…

त्याने हात उचलला. व्हिनाइलवर पाच उंचवटे होते. खालून आलेले. बोटांच्या टोकांएवढे.

त्याने त्या दोघांचे हात धरले. कापू द्या म्हणाला. सगळी जमीन नवीन करून देतो म्हणाला. मालकाचा फ्लॅट आहे, कॅनॉट लाह, डिपॉझिट जाईल, ते म्हणाले. तो ओरडायला लागला तेव्हा मुलगी घाबरली, पोलिसांना बोलावते म्हणाली. मुलाने त्याला धरून दाराबाहेर काढलं. दाराच्या फटीतून धैर्यशीलला दिसलं, दोघं मिळून कोपऱ्यातली ट्रेडमिल ओढत आणत होती, बरोबर त्या जागेवर.

अजून ती ट्रेडमिल तिथेच आहे. मालक फोन उचलत नाही. धैर्यशील रोज संध्याकाळी जिन्याने वर जातो, त्या दारासमोर उभा राहतो, आणि खाली येतो. कस्तुरीने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पोराचं डोकं फिरलंय. मी जाऊन बघतो. म्हाताऱ्या माणसाला आत घेतात लोक. त्या मुलाने ट्रेडमिल उचलून धरली आणि मी वाकून बघितलं.

धैर्यशीलने पाहिले तेव्हा पाच होते.

मी मोजले… दहा.